मागे कोणी आहे का?

माझी मान कायमची आखडलेली. गाडी वळवताना मी हेल्मेटच्या माइकमध्ये विचारायचो, "मागे कोणी आहे का?" मागे बसलेली बायको तिच्या हेल्मेटमधून सांगायची, "कोणी नाही, वळा."

ती जाऊन वर्ष झालं. तिचं हेल्मेट कपाटावर धूळ खातंय, चार्जही केलेलं नाही. माझी विचारायची खोड मात्र जाता जात नाही.

गेल्या आठवड्यात कानात उत्तर आलं. "कोणी नाही, वळा."

अंगावर सर्रकन काटा आला. तरी तेव्हापासून मी मुद्दाम वळणावळणाच्या रस्त्याने घरी जातो.

आज भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर विचारलं, "मागे कोणी आहे का?"

वळायला मी गाडी हळू केली.

"आहे."

"कोण?"

"तुम्ही. माझ्या मागे एकटेच येताय."