कच्चे आवाज

आमचा गेम स्टुडिओ मोठ्या कंपनीतून वेगळा झाला, त्याच दुपारी कळलं की जुना गेम कंपनीकडेच राहणार. म्हणजे त्यातली नावाडीणही गेली. तिचा आवाज माझ्या बायकोचा, वृंदाचा होता. वृंदा दिवाळीआधी वारली.

बाहेर पेढे वाटणं चाललं होतं. "दादा, आता आपणच आपले मालक. तोंड तरी गोड करा," स्टुडिओतला निनाद म्हणाला. पेढा हातात धरून मी रेकॉर्डिंगच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो.

रेकॉर्डिंग सांभाळणारी केतकी हेडफोन घेऊन आत आली. आमच्याकडे गेम तयार होईपर्यंत घरचीच माणसं तात्पुरते संवाद बोलतात, कलाकार नंतर येतात. आमच्याकडे राहिलेल्या नव्या गेममधल्या चक्कीवालीचे संवाद वृंदा बोलली होती. असले कच्चे आवाज कंपनीने मागितलेच नव्हते.

मी ऐकलं. मध्येच ती खोकली आणि म्हणाली, "अहो, पंखा बंद करा ना. परत घेऊ."

"हाच आवाज ठेवू या," केतकी म्हणाली. "फक्त शेवटचा प्रसंग वहिनींच्या आवाजात घ्यायचा राहिलाय. तिथे चक्कीवाली गप्प राहील. नाहीतर दुसऱ्या कुणाला बोलावून सगळंच पहिल्यापासून घ्यावं लागेल. तुम्ही सांगाल तसं."

मी हेडफोन काढला, परत लावला. बसलो, उठलो.

आठवडा झाला. केतकी रोज दारातून डोकावून जाते. आवाज ठेवायचा की नाही, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.