बारावी कादंबरी

महादेवरावांची बारावी कादंबरी वाचून मेहकरच्या छायाला संशय आला. आधीच्या अकरा तिला तोंडपाठ. त्यांतल्या बाया शेजारणींसारख्या बोलायच्या. हिच्यातल्या भाषणं ठोकत होत्या. नक्कीच कुणाकडून लिहून घेतलेली! तिनं संग्रामपूरची एसटी पकडली आणि लेखकाच्या ओसरीवर बसून विचारलं, “काका, खरं सांगा, हे कोनं लिवलं?” महादेवराव चपापले. आत चहा गाळणाऱ्या बायकोकडे पाहत म्हणाले, “मंजुळेले वाचता येत नाही, पन कान लय तिखट होते. आधी दर पान तिले वाचून दाखवो. ‘असं कोनी बोलते काय?’ म्हणे, अन् मी खोडून टाको. दोन वर्सांपासून तिले आयकूच येत नाही. हे मी एकट्यानं लिवलं.” तेवढ्यात मंजुळाबाई चहा घेऊन आल्या. “आवडलं काय वं पुस्तक?” छायानं जोरजोरात मान डोलावली. महादेवरावांनी कपबशीतून नजर वर काढली नाही.