खुन्याचा रेनकोट

“रेनकोट चढव थेल्मा, पाठमोरी चाल आणि दाराआड जा,” दिग्दर्शक केसलर जांभई देत म्हणाला.

खुन्याचा चेहरा शेवटच्या प्रसंगापर्यंत दिसायचा नव्हता. रेनकोटात कोणीही चाललं असतं, पण वेगळा माणूस आणायचा तर त्याला दिवसाची मजुरी द्यावी लागते. म्हणून सिनेमातली हुशार डिटेक्टिव्ह थेल्मा गॅरिटी फावल्या वेळात खुनीही व्हायची. हॉलीवूडच्या गॉवर स्ट्रीटवरच्या छोट्या स्टुडिओंत अशीच काटकसर चाले.

थेल्मा चालली. गुडघा आधीच दुखरा, त्यात दिवसभर उंच टाचा.

“पाय लंगडला माझा. पुन्हा घेऊ या?”

“राहू दे. फिल्म काय झाडाला लागते?”

ती बाकड्यावर येऊन टेकली. शेजारी गस पॉमरॉय तोंड पाडून बसला होता. सिनेमामागून सिनेमा तो वेंधळा इन्स्पेक्टर करत आला होता. खुनी सोडून भलत्याच माणसाला बेड्या घालायचा आणि थिएटर हसून लोळायचं.

“ह्या वेळी खुनी मीच असणार बघ,” तो म्हणाला.

“गप रे. काहीतरीच.”

पण तीही चरकली. ह्या स्टुडिओत खुनी ठरणं म्हणजे नारळ मिळणं. फासावर गेलेला माणूस पुढच्या सिनेमात कसा येणार? शेवट एकट्या केसलरला ठाऊक असे, आणि तो ऐनवेळी सांगे. गसची बायको एड्ना क्षयाच्या दवाखान्यात होती; त्याला पगार हवाच होता. थेल्माचंही काही वेगळं नव्हतं. ह्या वयात, ह्या गुडघ्याला दुसरीकडे कोण विचारणार? पण डिटेक्टिव्हशिवाय सिनेमा नाही, एवढा तिला आधार होता.

“थांब, मी छडा लावते,” ती उठत म्हणाली.

कपडेपटात पुढच्या सिनेमाचे कपडे टांगायला सुरुवात झाली होती. गसच्या नावाची खुंटी रिकामी होती. म्हणजे पुढच्या सिनेमात गस नाही. आरशासमोर लेनोर, सिनेमातली तिची सेक्रेटरी, थेट थेल्माच्या हॅटसारखी पिसाची हॅट घालून बघत होती.

“तुमची नक्कल करायचीय मला,” लेनोर लाजून म्हणाली. “विनोदी सीन आहे.”

“पीस जरा डावीकडे घे,” थेल्मा म्हणाली आणि तडक केसलरकडे गेली.

“गसला काढू नका हो. एड्नाकडे बघा तरी.”

केसलरने सिगार पेटवायला फार वेळ लावला.

“गस राहील. शब्द देतो.”

“मग खुनी कोण?”

“कळेलच. जा, पावडर लाव.”

तिला इतकं हायसं वाटलं की गुडघ्याचाही विसर पडला. बाहेर आली तेव्हा केसलर गसला बाजूला घेऊन काही सांगत होता. गस परतला तो तिच्याकडे न बघता. बिचारा, आनंदाने गहिवरला असेल, तिला वाटलं.

दिवे लागले. सगळे संशयित दिवाणखान्यात रांगेत उभे राहिले. कॅमेरा सुरू झाला.

“इन्स्पेक्टर, बेड्या द्या इकडे,” थेल्माने हात पुढे केला.

खट्‌कन बेडी तिच्याच मनगटावर बसली. नेहमीचाच विनोद! तिने सवयीने भुवया उंचावल्या, ठरलेलं वाक्य टाकलं.

“चुकलात, इन्स्पेक्टर!”

गसने दुसरीही बेडी लावली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“ह्या वेळी नाही चुकलो, बाई. खुनी लंगडत गेला होता.”