पुलाचं पान

ग्रंथालयात नवख्यांना ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला शिकवताना ग्रंथपालबाईंच्या मनात एका निवृत्त इंजिनिअरबद्दल पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. बाकीचे पक्ष्यांवर, झाडांवर लिहीत. हे मात्र कोसळलेल्या पुलाचंच पान उघडून बसायचे. दोनदा त्यांनी ‘दोष मुकादमाचा’ ही ओळ उडवली, दोनदा बाईंनी ती परत आणली.

तिसऱ्यांदा बाईंनी हटकलंच. “काका, मुकादम तुमच्या नात्यातला का? पुराव्याशिवाय इथं काही पुसायचं नसतं.”

काकांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून पुढे सरकवला. खाली त्यांचीच सही होती.

“सळया कमी घाला, असं मीच लिहून दिलं होतं. शिक्षा भोगून गेला तो बिचारा,” ते म्हणाले. “पुसायला जमलं मला. आता तिथं माझं नाव कसं घालायचं, तेवढं शिकवा.”