शेवटचा फर्मा

"शेवटाबद्दल मी काही सांगणार नाही," निवृत्त प्राध्यापक माइकवर म्हणाले, "पण एवढं धाडस पहिल्या कादंबरीत क्वचित दिसतं."

पुस्तकाच्या दुकानात अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या चार भरल्या होत्या आणि त्या चौघांतला एक प्रकाशक होता. लेखिका टेबलामागे बसून पाय चपलांतून मोकळे करत होती. तीन महिन्यांतला हा सहावा कार्यक्रम. तोच पुष्पगुच्छ, तेच कोमट पाणी, तोच प्रश्न : हे सगळं खरं घडलंय का? ती हसून म्हणायची, थोडंफार. शेवटाचं कौतुक मात्र सगळेच करत. एका समीक्षकाने तर शेवट अंगावर येतो असं लिहिलं होतं.

खरं तर पुस्तक एकाच माणसासाठी लिहिलं होतं. गोष्ट दोन बहिणींची, त्यांच्या शिवणाच्या दुकानाची. धाकटी ऐन हंगामात दुकान सोडून नोकरीला जाते, आईच्या दुखण्यातही येत नाही, येते ती आई गेल्यावर. पहिली प्रत लेखिकेने आपल्या थोरल्या बहिणीला पोस्टाने पाठवली होती. सोबत चिठ्ठी नव्हती. नऊ वर्षं बोलणं बंद असलेल्या माणसाला चिठ्ठीत काय लिहिणार? उत्तर आलं नव्हतं. येईल असंही आता तिला वाटत नव्हतं.

प्राध्यापकांचं भाषण रंगात आलं होतं तेवढ्यात फोन थरथरला. नंबर नवा नव्हता. ती माफी मागून मागच्या कपाटाआड गेली.

"मी बोलतेय," थोरली म्हणाली. जणू सकाळीच बोलणं झालं होतं. "तुझ्या पुस्तकाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्यात."

"म्हणजे?"

"एकशे शहात्तरनंतर परत एकशे एकोणतीस. मला वाटलं, मलाच डुलकी लागली. मग शिवण उसवून पाहिली. सोळा पानांचा एक तुकडा दोनदा लागलाय, आणि शेवटचा लागलेलाच नाही."

लेखिकेने बाहेर येऊन गठ्ठ्यातली वरची प्रत उचलली. एकशे शहात्तर, मग एकशे एकोणतीस. दुसरी प्रत, तेच. तिसरी, चौथी, तेच. बाइंडरने सोळा पानांचा नववा फर्मा दोनदा घेतला होता आणि बारावा त्याच्याकडेच कुठेतरी पडून होता. चार वेळा प्रुफं वाचून तिला आपल्याच अक्षरांचा असा वीट आला होता, की छापून आलेलं पुस्तक तिने एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. समीक्षकाच्या अंगावर काय आलं होतं देव जाणे. प्राध्यापक अजून शेवटाच्या धाडसावरच होते.

प्रकाशक शेजारी येऊन उभा राहिला. तिने त्याला पान दाखवलं. त्याने एक प्रत पाहिली, दुसरी पाहिली, आणि दोन्ही पुन्हा गठ्ठ्यात नीट बसवल्या.

"बाई, तीन महिन्यांत एक तक्रार नाही," तो कुजबुजला. "झाकली मूठ झाकलीच राहू द्या. पुढच्या प्रतींना मी उद्याच बारावा फर्मा लावून घेतो."

फोन अजून चालू होता. ती परत कपाटाआड गेली. पलीकडे शिवणयंत्र दोन-चार टाके मारून थांबलं.

"आणि पुस्तकातली ती अस्तर आधी लावून मग बाह्या लावते?" थोरली म्हणाली. "कुठल्या दुकानात शिकलीस?"

"तुझ्याच."

"तरी म्हटलं." मग तिच्या आवाजातली फिरकी गेली. "ती दारात उभी आहे. कडी वाजवलीय. तिथेच पान संपलं. पुढे काय होतं?"

पुढची सोळा पानं तिला तोंडपाठ होती. धाकटी दाराशी उभी राहते. फटीतून आतला दिवा दिसतो, यंत्राचा आवाज येतो, मग तो थांबतो. पावलं दारापर्यंत येतात. दार उघडत नाही. नऊ वर्षांपूर्वी घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं, पावलंसुद्धा मोजून. ताईने हे वाचावं म्हणून तर सगळा खटाटोप. आता नुसतं सांगून टाकायचं होतं.

"ताई," ती म्हणाली, "पुढचं तूच सांग."

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी काय सांगणार. मला काय लिहिता येतं." मग म्हणाली, "दुकान आठपर्यंत उघडं असतं."

फोन बंद झाला. साडेचार वाजले होते. बसने अडीच तास.

"आता लेखिका आपल्याला शेवटची दोन पानं वाचून दाखवतील," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी माइक पुढे केला. तिने चपला पायात सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि आधी प्रकाशकाकडे वळली.

"तो बारावा फर्मा उद्या लावू नका," ती म्हणाली. "शेवट मला अजून माहीत नाही."