लडाखचे ढग

फोन वाजला तशी चंद्रकांता वाळत घालायचे बोंबील टाकून धावली. लेकीचा, मोनालीचा फोन. म्हणजे लडाखला आज पण ढग!

बोंबील वाळायच्या दिवसांत ढगाचं नाव काढलं तरी घिवलीच्या कोळीवाड्यातल्या बायका शिव्या घालतात. चंद्रकांता मात्र महिनाभर ढगांना हात जोडत होती. इथल्या नव्हे, लडाखच्या डोंगरावरच्या. तिथे मोनाली सूर्याच्या प्रभामंडळाचं चुंबकत्व मोजत होती. सूर्याचं बिंब झाकायचं, कडेचा अंधुक अवरक्त प्रकाश दुर्बिणीत घ्यायचा आणि त्याच्या कंपनांत चुंबकत्वाची खूण शोधायची. खूण इतकी पुसट, की तासन्‌तास लख्ख आभाळ हवं. आभाळ लख्ख असलं की पोरीला मान वर करायला फुरसत नाही, आणि राहायची जागा खाली दरीत, तिथे रेंज नाही. म्हणून ढग आले तरच फोन.

हल्ली फोन रोज येत होता. "माज्या देवीनं आयकलं," असं चंद्रकांताने शेजारच्या गोदूबाईला सांगूनही टाकलं होतं. दुर्बीण मोनालीकडे आज संध्याकाळपर्यंतच होती. माप हाती आलं नाही तर पोरीची चार वर्षांची मेहनत पाण्यात. हे ठाऊक असून आपण ढग मागतो, याची चंद्रकांताला लाज वाटायची. पण दोन वर्षांत लेक घरी आली नव्हती, आणि मागणं काही सुटत नव्हतं.

"आय, ढग हायेत. बोल तू. कालवण कसलं केलंस?"

इतक्यात मोनालीच्या मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, इतनी साफ धूप और मशीन बंद? आज आखरी दिन है!"

मोनाली हळूच म्हणाली, "तुजा आवाज आयकल्याबिगर हात चालत नाय गं माजा."

चंद्रकांताला उमगलं. म्हणजे रोजचे ते ढग देवीने धाडलेच नव्हते, पोरीनेच रचले होते. तिला अजून कितीतरी विचारायचं होतं. पोटभर जेवतेस का, थंडी सोसते का, येशील कधी.

"ठेव आता," ती खेकसली. "दारात पावणे आलेत. तिन्हीसांजेपर्यंत मी फोन उचलायची नाय."

फोन बंद करून तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. जिची वाट होती, तिला तिने आत्ताच कामाला पिटाळलं होतं.