चौथ्यांदा क्लिक

स्टोअरकीपरने चौथ्यांदा खोट्या मेलवर क्लिक केलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या खरेदी विभागातल्या बाईंनी कपाळाला हात लावला.

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात दर महिन्याला सगळ्यांना एक बनावट मेल यायचा. बाहेरच्या कंपनीतली एक तरुण प्रशिक्षिका तो स्वतः लिहायची आणि कोण फसतं ते बघायची. जो फसेल त्याला गुरुवारी दुपारी तिच्या तासाला बसावं लागे. चौथ्यांदा फसणाऱ्याचा कॉम्प्युटर काढून घेणार आणि त्याला खाली पॅकिंगला पाठवणार, असं साहेबांनी बजावून ठेवलं होतं. स्टोअरकीपरच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. तीस वर्षं जिवापाड सांभाळलेलं स्टोअर आता हातचं जाणार होतं.

बाईंना मनापासून वाईट वाटलं. माणूस काही बावळट नव्हता. मागच्याच महिन्यात एका पुरवठादाराच्या नावाने बाईंना मेल आला होता, आत्ताच्या आत्ता ही फाइल उघडा म्हणून. बाईंचा हात माउसवर गेला, तोच स्टोअरकीपरनी थांबवलं. याला एवढी घाई कशाची आहे ते आधी बघा, म्हणाले, आणि आपल्या जुन्या डायरीतला नंबर काढून पुरवठादाराला फोन लावला. त्याने मेल पाठवलाच नव्हता.

"मला वाचवता आणि स्वतः मात्र दर वेळी तोंडघशी पडता," बाई म्हणाल्या.

"वय झालं," एवढंच बोलून ते हसले.

गुरुवारी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. शिक्षेला निघालात की लग्नाला, असं बाईंनी चिडवलंसुद्धा. ते नेहमीसारखे दहा मिनिटं आधीच वर्गात जाऊन पहिल्या खुर्चीत बसले.

प्रशिक्षिकेने सगळं पुन्हा सांगितलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघा, अनोळखी लिंक दाबू नका, पासवर्ड कुणालाही देऊ नका, शंका आली तर आपल्याकडच्या नंबरवर फोन करून विचारा. बोलायला ती गोड होती. शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळ्यांना काका, काकू, ताई म्हणायची. यांना तेवढं कोरडं 'तुम्ही'. चार-चार वेळा फसणाऱ्या विद्यार्थ्याचा कुठल्याही मास्तरणीला राग येणारच.

शेवटी तिने सगळ्यांकडून एक छोटा पेपर सोडवून घेतला. तास संपला, लोक पांगले. तिने त्यांचा पेपर पुढे ओढला. एकूण एक उत्तर बरोबर होतं.

"सगळं कळतं तुम्हाला," ती खाली बघूनच म्हणाली. "मग माझाच मेल दर वेळी का उघडता? उद्यापासून खाली बसवतील."

त्यांनी सावकाश पेनाला टोपण लावलं.

"घर सोडून गेल्यापासून तू तुझ्या बापाचा एकही मेल उघडला नाहीस, बाळा. म्हणून तुझे सगळे मी उघडतो."